नळे, कौलं आणि पत्रा

गणपतीच्या आराशीसाठी कोकणातलं घर करून द्या म्हणून कुणी आलं, की मी आधी विचारतो, साल कुठलं? गिऱ्हाईक म्हणतं, "जुनं हो, पेशवाईतलं," आणि मोबाइलवर लालभडक मंगळुरी कौलांचं घर दाखवतं. पेशवाई बुडाली १८१८ साली. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ साली. भिंती, ओटी, तुळस सगळं जमतं, छपराशीच घोडं अडतं.

मंगळुरी कौलांच्या आधी गरिबाघरी गवता-पेंढ्याचं केंबळ, आणि ऐपत असली तर नळे. हे कुंभाराचं काम. चाकावर निमुळती पोकळ नळी ओढायची, जरा सुकली की उभी चिरायची, मग भाजायची. छपरावर एक ओळ उताणी, दोन ओळींच्या सांध्यावर तिसरी पालथी. खिळा नाही, खाच नाही. सगळा भार वजनावर. म्हणून पाखं फार उभं करता येत नाही, नळे खाली येतात. वारा आणि वानरं त्यांना हलवत राहतात ते वेगळंच. पावसाआधी घर शाकारणं हा त्यामुळे दरवर्षीचा उद्योग.

मी हे नळे एकास बारा मापात करतो. मळलेली माती रंगाच्या ब्रशच्या निमुळत्या दांड्यावर गुंडाळायची, किंचित वाळली की ब्लेडने चिरायची. प्रत्येक नळा थोडा वाकडा निघतो आणि तो तसाच लावायचा. एकसारखे नळे बसवले की छप्पर प्लॅस्टिकचं वाटतं.

मंगळुरी कौलाचं कूळ फ्रान्समधलं. अल्सासमधल्या आल्तकिर्श गावच्या गिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणारं कौल काढलं, त्याचं पेटंट १८४१ चं. बाप्तिस्मा घेतल्यावर जातीचा धंदा सुटलेल्यांना काम द्यायचं म्हणून मंगळुरात बासेल मिशनने विणकाम आणि कौलं हाती घेतली. मिशनच्याच गेओर्ग प्लेब्स्ट यांनी नेत्रावतीकाठच्या चिकणमातीतून ती पाडली. गलबतांतून ती किनाऱ्याने वर आली. कौलाच्या पाठीला पुढे आलेली नाकं असतात, ती रिपेवर अडकतात. म्हणून छप्पर उभं करता आलं, पाणी झटकन ओसरू लागलं आणि दरवर्षीची शाकारणी हलकी झाली. पण वाकडातिकडा बांबू आता चालेना. रिपा कापीव, सरळ आणि नेमक्या अंतरावर हव्यात. कौल बदललं तसं सुताराचं कामही बदललं.

खरं कौल साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटर, म्हणजे माझं ३४ बाय २०. साचा मी रबराचा करतो. रंग लाल एकच द्यायचा नाही. भट्टीतली जागा बदलली की कौलाचा रंगही बदलतो, शिवाय चार पावसाळ्यांनी आलेली काळपट शेवाळी छटा हवी. माजघरावर एखादं काचेचं कौल बसवतो. तेवढ्यासाठी लोक वाकून आत डोकावतात.

अंगणाला गिऱ्हाईक हिरवं लॉन मागतं. कोकणातलं खळं शेणाने सारवलेलं असतं, बाबांनो! मी लाल माती चाळून डिंकात कालवून लावतो, आणि वळचणीखाली पागोळ्यांनी पडलेल्या खळग्यांची रांग टाचणीने टोचतो. गडग्याला जांभ्याचे खरेच तुकडे, झुडपांना वाळल्या घोसाळ्याची जाळी. माड मात्र विकत आणतो. माडाच्या झावळ्या करत बसण्याइतका उत्साह आता उरलेला नाही.

यंदा एकांनी गावचं घर आज आहे तसंच मागितलं. अर्धी कौलं वानरांनी फोडलेली, वर निळा पत्रा आणि खळ्यावरही पत्र्याची शेड. त्यांच्या बायकोला पसंत नव्हतं, त्यांना होतं. मीही केलं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा फणीवर दाबून पन्हळी काढल्या आणि निळा रंग दिला. खालची कौलं मात्र सगळी लावली. पत्र्याखाली ती दिसत नाहीत, पण घरात आहेत ना.