एका फटीची कथा

आगगाडीच्या जुन्या मार्गावर दोन रुळांच्या सांध्यात थोडी फट ठेवीत असत. उन्हाळ्यात लोखंड वाढते, त्याला जागा मिळावी, हा त्यातला हेतू. मोटारीच्या इंजिनातही अशीच एक फट असते. ती इंचाच्या काही सहस्रांशांएवढीच. परंतु ती राखावी की नाहीशी करावी, या प्रश्नाने यंत्रविशारदांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले.

इंजिनाच्या झडपा कॅमशाफ्टच्या उंचवट्यांनी उघडतात आणि स्प्रिंगच्या जोराने मिटतात. उंचवटा व झडप यांच्यामध्ये टॅपेट हा मध्यस्थ असतो. झडप तापली की तिचा दांडा लांबतो. त्याला अवकाश नसेल तर झडप पुरती मिटत नाही, जळते वायू तिच्या कडेवरून निसटतात आणि ती कड करपून जाते. म्हणून फट हवी. पण फट ठेवली की प्रत्येक वेळी धातूवर धातू आपटतो आणि इंजिन खटखटते.

या खटखटीवर 1930 साली अमेरिकेत कॅडिलॅकने आपल्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनात तेलाचा उपाय योजला. असे टॅपेट पुढे अनेक मोटारींत आले. त्यांच्या पोटात एक लहानसा दट्ट्या असतो व त्याखाली वंगणतेल भरलेले असते. उंचवटा दूर असताना तेल आत शिरून फट भरून काढते. उंचवटा दाबू लागला की आतली गोळी वाट बंद करते आणि कोंडलेले तेल पोलादासारखे घट्ट होते. आवाज गेला, आणि फट मोजण्याचा खटाटोपही गेला.

पण वेगाच्या उपासकांनी हे वरदान स्वीकारले नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यावर रात्री आगीचा पहारा करताना विल्यम लायन्स, विल्यम हेन्स आणि त्यांचे सहकारी युद्धोत्तर इंजिनाचे बेत आखीत. त्यातून 1948 साली जॅग्वारचे एक्सके इंजिन अवतरले. त्याच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट होते. खाली वाटीसारखे भरीव टॅपेट होते, आणि फट साधण्यासाठी पोलादाच्या पातळ चकत्या होत्या. चकती बदलायची तर कॅमशाफ्टच उतरवावा लागे. एवढी यातायात पत्करण्याचे कारण काय?

कारण वेगाच्या हिशेबात आहे. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेते तेव्हा प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते. तिच्याबरोबर हलणारा प्रत्येक ग्रॅम स्प्रिंगला ओझे होतो, आणि तेलाचा टॅपेट भरीव टॅपेटाहून जड असतो. स्प्रिंग मागे पडली की झडप क्षणभर अधांतरी राहते व मध्ये फट पडते. टॅपेट तिला झिजेची फट समजून इमानाने तेल भरतो. मग झडप मिटतच नाही. बळ घटते आणि पिस्टनशी टक्कर होण्याचे भय उभे राहते. तेलात हवेचे बुडबुडे मिसळले तर तेल दबते, आणि ते पोलादासारखे घट्ट राहत नाही. भरीव टॅपेटाला असा भ्रम होत नाही. या इंजिनाने 1951 ते 1957 या काळात ल मॉंची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली.

मर्सिडीझने तर 1954 च्या शर्यतींसाठी स्प्रिंगच काढून टाकली आणि झडप मिटविण्याचे कामही कॅमवरच सोपविले.

पुढे तेलाच्या टॅपेटानेही आपले वजन उतरविले. 1977 साली पोर्शच्या 928 या वेगवान गाडीत तो कॅमशाफ्टखाली बसला. 2007 साली बीएमडब्ल्यूच्या एम 3 गाडीतील आठ सिलिंडरांच्या इंजिनाने तर मिनिटाला 8,000 हून अधिक फेरे घेऊनही त्यालाच जवळ ठेवले. तरीही अतिवेगवान मोटारसायकलींत आजही बहुधा चकत्याच आढळतात.

या दीर्घ वादात एक बोध दडलेला आहे. झडपेची बैठक झिजते तशी कॅमखालची फट कमी होत जाते आणि खटखट मंदावते. अजाण मालकाला वाटते, इंजिन सुधारले. जाणता कारागीर मात्र त्याच शांततेने सावध होतो आणि फट मोजावयास बसतो. तेलाच्या टॅपेटाने ही काळजी माणसाच्या हातून काढून यंत्राच्या पोटात ठेवली. तेल स्वच्छ राखण्याची काळजी मात्र माणसाकडेच राहिली.