हानाको-कुन

१. हानाको-कुन : ‘जिबाकु शोनेन हानाको-कुन’ या जपानी मांगाचा नायक. आइदाइरो या टोपणनावाने काम करणाऱ्या जोडीची ही चित्रकथा २०१४पासून ‘जी फँटसी’ मासिकातून क्रमशः येते.

तिच्या मुळाशी जपानी शाळांतली एक जुनी भुताची गोष्ट आहे. तिसऱ्या मजल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तिसऱ्या दारावर तीनदा टकटक केली, की हानाको नावाची मुलगी ओ देते. इथे मात्र समोर येतो जुन्या धाटणीचा काळा गणवेश आणि टोपी घातलेला खट्याळ मुलगा. प्रेम जुळावे म्हणून त्याच्याकडे आलेली नेने याशिरो जलपरीचा खवला गिळते आणि मासा होऊन बसते. तिचा शाप वाटून घ्यायला तोही दुसरा खवला गिळतो. चाहते जीव टाकतात ते या हसू आणि हुरहुरीच्या मिश्रणावर.

लेर्शे स्टुडिओच्या १२ भागांच्या अ‍ॅनिमेत (२०२०) जाड बाह्यरेषा आणि मांगासारख्या चौकटी मुद्दाम राखल्या आहेत. हानाकोला आवाज मेगुमी ओगाता यांचा. ‘इव्हँगेलियन’ या अ‍ॅनिमेतल्या शिंजीचाही त्यांचाच. दुसरा हंगाम यायला २०२५ उजाडले.

अ‍ॅनिमेवरून मांगाकडे वळणाऱ्यांनी चौकटी उजवीकडून डावीकडे वाचाव्यात.