गर्दीसकट ऐकण्याचे गाणे

रॉक संगीतात दोन स्टुडिओ-अल्बमांच्या मधल्या काळात थेट मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि त्याच्या जोडीला माहितीपट काढण्याची प्रथा जुनी आहे. आयर्लंडच्या ‘यू टू’ने १९८८ साली ‘रॅटल अँड हम’ हा अल्बम आणि त्याच नावाचा चित्रपट असाच काढला. अशा कृतींकडे समीक्षक बहुधा पुरवणी म्हणून पाहतात. खरी कृती स्टुडिओतली. मुंबईच्या गिरणगावातल्या, लालबाग-परळच्या शाहिरी गाण्याकडे वळताना मात्र ही मोजपट्टी आधी बाजूला ठेवावी लागते. इथे मूळ कृती मैदानात, चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात घडली. बाकी सगळे नंतरचे.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. संप असो, सभा असो की पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, त्यांचे गाणे हजारोंच्या समोर झाले. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. पोवाडा एवढ्यात मावत नाही. शाहीर मध्येच थांबून बोलतो, कालची बातमी ओवतो, ते तर अजिबातच मावत नाही. छापलेल्या संहिता आपल्याकडे आहेत, त्या मोलाच्या आहेत. पण डफावर थाप पडते, शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात आणि बघता बघता समोरची गर्दीच झील धरते, हे कागदावर उतरत नाही. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ साली, काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

शाहिरीच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने आनंद पटवर्धन यांच्या दोन माहितीपटांपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये झोपडपट्टीत राहणारा शाहीर विलास घोगरे गाताना दिसतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी तिथून पुढे १४ वर्षे चित्रीकरण केले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात जलसे आहेत, सहा डिसेंबरची दादरची चैत्यभूमी आहे, पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले-मुली आहेत. गाणे कुठे झाले, कोण ऐकत होते, गाणाऱ्याच्या घरी काय परिस्थिती होती, हे गाण्याला चिकटूनच येते. मंचाच्या शीतल साठे यांचे गाणे आणि त्यांच्या आईचे बोलणे एकाच चित्रपटात ऐकल्यावर नुसत्या चालीचे विश्लेषण अपुरे वाटू लागते. मराठी शाहिरीवर गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या कामात मी या चित्रपटाचे स्थान फार वरचे मानतो.

ऐकायचे कसे? आवाज साफ करून नव्हे. खोकणे, शिट्ट्या, माइकची खरखर, मागून जाणारी लोकल हा सगळा पुरावा आहे. गर्दी कोणत्या शब्दाला टाळी देते आणि कोणत्या शब्दाला गप्प होते, यावरून त्या संध्याकाळचे राजकारण कळते. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांचे एकच गीत वेगवेगळे गायक वेगवेगळ्या वस्त्यांत गातात, तेव्हा कुठे कडवे गळते, कुठे नवे जोडले जाते. संपादक यालाच पाठभेद म्हणतात, आणि ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांना आपण देतो तेवढेच लक्ष त्यांनाही द्यायला हवे.

बरेचसे साहित्य अजून ग्रंथालयात आलेले नाही, ते घरांत आहे. चैत्यभूमीच्या स्टॉलवरून वर्षानुवर्षे विकत घेतलेल्या कॅसेट आणि व्हीसीडी, मंडळाच्या कार्यक्रमात कुणी टेपरेकॉर्डर पुढे धरून केलेली मुद्रणे. चाळी पाडून टॉवर उभे राहताना सामानाची आवराआवर होते आणि अशा वस्तू आधी भंगारात जातात. शिवाय दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. वाचकांपैकी कुणाकडे अशी एखादी फीत असेल, तर तिची डिजिटल प्रत लवकर करून घ्यावी, आणि वेष्टनावर ठिकाण, तारीख, शाहिराचे नाव व आठवतील तेवढ्या झीलकऱ्यांची नावे लिहून ठेवावीत.