बाग, हवा आणि ससे : अठराव्या शतकातील दोन ग्रामस्थांच्या नोंदी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या इतिवृत्तांच्या वह्या चाळण्याचे काम आमच्याकडे आले. पन्नास वर्षांत अध्यक्षपद कोणी भूषविले, कोणत्या वक्त्याने कोणत्या विषयावर व्याख्यान दिले, गणेशोत्सवाची वर्गणी किती जमली, हे सारे त्यांत तारीखवार मिळाले. मात्र आपली मंडळी येथे येऊन राहिली ती कशी राहिली, हे काही मिळाले नाही. उत्तरेकडील या गावी दक्षिणेतून आलेल्या गृहिणींनी कढीपत्त्याचे झाड पौषातील थंडीत कसे जगविले, अळूचे कंद कोणी कोठून आणून परसात लावले, पहिल्याच उन्हाळ्यात लू लागलेल्या मुलांस काय दिले, याविषयी त्या वह्यांत एक अक्षर नाही. एका वर्षी ‘अवकाळी पावसामुळे कार्यक्रम रद्द’ एवढी नोंद आढळली. खरे सांगावयाचे तर त्या चार शब्दांपाशीच आम्ही सर्वांत अधिक रेंगाळलो.

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. महाराष्ट्राला कागदपत्रांचे महत्त्व इतिहासाचार्य राजवाड्यांनी शिकविले हे खरे. परंतु हवा कशी होती, भाजी कोणती पिकली, रानातील प्राणी कोठवर आले, असल्या नोंदींना ‘साधन’ म्हणण्यास आपले मन अजूनही सहजी धजत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांस थोडे दूर नेऊ इच्छितो. पेशवाईच्या उत्तरकाळी इंग्लंडातील दोन खेड्यांत दोन अविवाहित गृहस्थ राहत होते. दोघांनाही बागेचा नाद, दोघांनाही हवेची चिंता, आणि दोघांच्याही लिखाणात ससा डोकावून जातो. त्यांच्या साध्या टिपणांतून काय हाती लागते, ते पाहण्याजोगे आहे.

सेलबोर्नचा बागवान

हॅम्पशायर परगण्यातील सेलबोर्न हे खेडे १७८३ साली अवघ्या ६७६ वस्तीचे होते. हा आकडा आपणांस ठाऊक आहे, तो गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने तो टिपून ठेवला म्हणून. व्हाइट १७२० साली याच गावी जन्मला, ऑक्सफर्ड येथे शिकला, आणि मोठमोठ्या जागांचा मोह न धरता गावीच येऊन राहिला. १७५१ साली त्याने बागेची एक वही घातली. पेरणी कधी केली, कोंब कधी दिसला, वाफ्यात किती खत घातले, एवढाच तिचा विषय.

वही घातल्यावर दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात पंचांग बदलले. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली आणि अकरा दिवस कागदावरून नाहीसे झाले. पेरणीच्या तारखा लिहिणाऱ्या माणसास ही केवढी अडचण! बियाण्यास मात्र राजाज्ञा ठाऊक नसते. ते आपल्या वेळीच उगवते. पुढील वर्षांच्या तारखा आधीच्या तारखांशी ताडून पाहताना हे अकरा दिवस ध्यानी ठेवावे लागतात.

व्हाइटची खरी हौस खरबुजे आणि काकड्या पिकविण्याची. आपल्याकडे नदीच्या वाळवंटात सहज येणारे हे वेल त्या थंड मुलुखात उघड्यावर धरत नाहीत. म्हणून घोड्यांची ताजी लीद गाड्यांनी आणून तिचा उंच वाफा रचावयाचा, ती कुजताना निघणाऱ्या उबेवर मातीचा थर द्यावयाचा, वर काचेची तावदाने टाकावयाची आणि त्या उबाऱ्यात वेल वाढवावयाचे, असा खटाटोप असे. ऊब फार झाली तर मुळे भाजत, कमी पडली तर रोपे माना टाकीत. रात्री गारठा किती पडणार हा प्रश्न व्हाइटला कुतूहलाचा नव्हता, तर निकडीचा होता. हवेचा अभ्यासक तो झाला तो या काकड्यांपायी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१७६८ पासून त्याने छापील रकाने असलेली निसर्ग-रोजनिशी धरली. उष्णतामापक, वायुभारमापक, वारा, पाऊस, फुललेली फुले, आलेले पक्षी, असे तिचे रकाने. १७९३ च्या जूनमध्ये मृत्यू येण्याच्या थोडे दिवस आधीपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, हे व्रत चालले. तेथील हवा किती लहरी, हे त्याचे आकडेच सांगतात : १७८१ साली वर्षाचा पाऊस सुमारे ३१ इंच, तर १७८२ साली ५० इंचांहून किंचित अधिक. जानेवारी १७७६ मध्ये असे हिम पडले की वाटा बुजून गेल्या, आणि ३१ तारखेस सूर्योदयापूर्वी फॅरनहाइटचा पारा नेमका शून्यावर, म्हणजे गोठणबिंदूच्या ३२ अंश खाली उतरला.

१७८४ च्या डिसेंबरातील कडाक्यात त्याने एक विलक्षण गोष्ट टिपली. शेजारचे न्यूटन हे गाव सेलबोर्नहून उंचावर. तेथे थंडी अधिक असावी ही सर्वांची समजूत. पाहतो तो दरीतल्या सेलबोर्नचा पारा टेकडीवरील गावापेक्षा पुष्कळ खाली! यंत्रातच खोट असेल म्हणून दोन्ही मापके शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर दोन्ही तंतोतंत जुळली. पुढे त्याच्या बागेतील लॉरेलचे कुंपण करपून गेले आणि टेकडीवरील त्याच जातीच्या झाडाचे पानही गळले नाही. थंड हवा जड होऊन सखल भागात साचते, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक आहे. आपल्याकडे नाशिक भागातील द्राक्षबागाईतदार सखल रानातील बागेस थंडीत अधिक जपतो, त्याचेही कारण हेच. व्हाइटला ते कळले ते करपलेल्या कुंपणापाशी उभे राहून.

ससा : पाहुणा आणि चोर

याच १७७६ च्या हिमवर्षावाच्या वर्णनात ससे येतात. हिमावर उमटणारी पावले आपला घात करतात हे जणू उमजून ते भुकेने व्याकुळ होईतो आपल्या बैठकीतून हलत नसत, असे व्हाइट सांगतो. येथे एक खुलासा अवश्य आहे. आपण मराठीत ससा म्हणतो तेव्हा मुलांच्या पुस्तकातील पांढरा, बिळात राहणारा प्राणी पुष्कळांच्या मनात येतो. रानससा निराळा. तो बीळ खणीत नाही. गवतात अंगापुरता खोलगट खळगा करून उघड्यावरच बसतो. त्याची पिले डोळे उघडे असलेली आणि अंगभर केस घेऊनच जन्मतात. पाय हेच त्याचे घर आणि पाय हेच त्याचे शस्त्र. आपल्या माळरानावरील ससाही याच कुळातला.

व्हाइटने याच वर्षी एका पत्रात आपल्या एका स्नेह्याच्या घरची हकीकत दिली आहे. त्याच्याकडे सशाचे एक अनाथ पिलू कोणी आणून दिले. नोकरांनी त्यास चमच्याने दूध पाजले. त्याच सुमारास घरची मांजर व्याली होती आणि तिची पिले मारून पुरण्यात आली होती. थोड्याच दिवसांत सशाचे पिलू नाहीसे झाले. कुत्र्याने वा मांजराने खाल्ले असेल असे सर्वांनी धरले. पंधरवड्याने गृहस्थ तिन्हीसांजेस बागेत बसला असता मांजर शेपटी उभारून, मायेचा बारीक आवाज काढीत त्याच्याकडे येताना दिसली, आणि तिच्यामागून काहीतरी बागडत येत होते. ते सशाचे पिलू! जे खाल्ले असेल असे वाटले, त्यास तिने आपल्या दुधावर वाढविले होते. तिची पान्हा भरलेली आचळे आणि हिरावलेली पिले यांतून हे घडले असावे, असा व्हाइटचा तर्क आहे. तो गहिवरत नाही, कारण शोधतो; आणि म्हणूनच हकीकत अधिक भिडते.

परंतु ससा हा केवळ कौतुकाचा विषय नव्हता. १६७१ च्या कायद्याने वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची मालकी जमीन, अथवा तशीच मोठी मिळकत वा कुळी असणाऱ्यासच ससा मारण्याचा अधिकार होता. शेतकऱ्याच्या कोबीवर ससे रात्री ताव मारीत आणि त्याने आपल्याच शेतात फास लावला तर तो गुन्हेगार ठरे. ही मिळकतीची अट १८३१ साली गेली. पण कुळास आपल्या वहितीतील ससे मारण्याचा, कोणत्याही कराराने हिरावून न घेता येणारा हक्क मिळावयास १८८० साल उजाडावे लागले. पीक कोणाचे आणि ते खाणारे जनावर कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडील रानडुकरांनी आणि नीलगायींनी गांजलेल्या शेतकऱ्यास नवा नाही.

ऑल्नीचे तीन ससे

दुसरा गृहस्थ म्हणजे कवी विल्यम कूपर. बकिंगहॅमशायरमधील ऑल्नी गावी तो राहत असे. मनोविकाराच्या तीव्र झटक्यातून १७७४ साली तो नुकता सावरत होता. वाचनात वा लोकांत मन रमेना. शेजारच्या मुलांना खेळावयास मिळालेले सशाचे पिलू हेळसांडीने सुकत चालले होते, ते त्याने मागून घेतले. ही वार्ता पसरताच लोक इतकी पिले आणू लागले की कुरण भरावे. त्याने तीन ठेवली. पस, टायनी आणि बेस अशी त्यांची नावे. नावे काहीही असोत, तिघेही नर. त्यांच्यासाठी त्याने स्वहस्ते सुतारकाम करून खुराडी बनविली.

१७८४ साली ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याने या सशांचा वृत्तान्त छापला. टायनी आठ वर्षे पाळूनही माणसाळला नाही; हात लावताच गुरगुरे आणि पुढच्या पायांनी फटकारे. पस मात्र तीन दिवस आजारी पडला असता कूपरने शुश्रूषा केली, तेव्हापासून त्याचा हात चाटू लागला. सकाळी बागेत नेले की तो काकडीच्या वेलाच्या पानांखाली दडून संध्याकाळपर्यंत झोपे. बागेत जावेसे वाटले की कूपरच्या गुडघ्यावर पायांनी थापट्या मारी, आणि तेवढ्याने भागले नाही तर कोटाचे टोक दातांत धरून ओढी. एकाच जातीच्या तीन प्राण्यांचे तीन स्वभाव, हे कूपरने सप्रमाण दाखविले आणि करमणुकीसाठी सशांमागे कुत्री घालणाऱ्यांना त्यावरून चार शब्द सुनावले. पस ९ मार्च १७८६ रोजी अकरा वर्षे अकरा महिन्यांचा होऊन वारला. राजपुत्रांच्याही निधनाच्या तारखा संशयित असतात; या सशाची निश्चित आहे!

१७८३ चा उन्हाळा

आता या दोन्ही वह्या एकत्र येतात. २३ जून १७८३ पासून २० जुलैपर्यंत सेलबोर्नवर एक चमत्कारिक धुरकट पडदा पसरला होता, असे व्हाइट लिहितो. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज, जमिनीवर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा उजेड. उष्मा असा की कापलेले मांस दुसऱ्या दिवशी खाववेना. गावकरी सूर्याकडे भयाने पाहत. त्याच दिवसांत कूपरही आपल्या स्नेह्यास पत्रांतून याच धुक्याविषयी आणि लालबुंद सूर्याविषयी लिहीत होता.

कारण त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. ८ जून १७८३ रोजी आइसलँडातील लाकी येथे भूमी दुभंगून ज्वालामुखी जागा झाला होता. तो फेब्रुवारी १७८४ पर्यंत धुमसत राहिला. गंधकाच्या विषारी वायूचे लोट युरोपवर पसरले. आइसलँडात गुरे मेली, आणि दुष्काळाने सुमारे पंचमांश लोक दगावले. इंग्लंडातील चर्चच्या दफननोंदींतही त्या वर्षी मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसते. आज हवामानशास्त्रज्ञ या उत्पाताचा आराखडा जुळवितात, तेव्हा व्हाइटसारख्यांनी दिलेल्या तारखा त्यांच्या कामी येतात.

याचा धागा आपल्या देशापर्यंतही येतो. संवत १८४० मध्ये, म्हणजे १७८३-८४ साली, दिल्ली, पंजाब, राजपुताना आणि अवध या प्रदेशांत ‘चालीसा’ नावाचा भीषण दुष्काळ पडला. या दुष्काळाने उजाड झालेल्या मुलुखातच १७८४ च्या अखेरीस महादजी शिंद्यांनी बादशाहीची मुखत्यारी हाती घेतली. लाकीच्या उद्रेकाने आफ्रिका व हिंदुस्थानातील मोसमी पाऊस दुबळा झाला असावा, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात मांडले गेले. इतर अभ्यासक प्रशांत महासागरातील एल निनोकडे बोट दाखवितात. वाद चालू आहे. पण महादजींच्या सैन्यातील दाणावैरणीची टंचाई आणि सेलबोर्नच्या बागेवरचे ते गंजके ऊन यांचा विचार एकाच पानावर होऊ शकतो, तो एका खेडुताने त्या दिवशी वही उघडली म्हणूनच.

आमच्या वस्तीत एक काकू होत्या. लग्न होऊन त्या वऱ्हाडातून येथे आल्या आणि पुन्हा परत गेल्या नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानांवर दुधाच्या हिशेबाशेजारीच त्या बारीक अक्षरांत लिहीत : आज पहिला पाऊस, कढीपत्ता पाल्याने गेला, कैरी महाग, लोणचे निम्मे घातले, मागल्या रानातून ससा आला, मेथी खाल्ली. त्या रानावर आज चार मजली घरे आहेत. ससा आमच्यापैकी कोणी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. तो शेवटी कधी आला होता हे सांगणारी तेवढीच पाने होती, आणि काकू गेल्यावर ती रद्दीत गेली. आम्ही दोन घरे पलीकडे राहत होतो; मागितली असती तर मिळाली असती. मागावी असे आम्हांस सुचले नाही, याची खंत आहे.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरी जुनी कॅलेंडरे, हिशेबाच्या वह्या, वाणसामानाच्या याद्या, गावाकडून आलेली पत्रे असतील तर ती टाकू नयेत. मंडळाच्या ग्रंथालयातील एक कपाट आम्ही त्यांच्यासाठी मोकळे करून घेतले आहे. तसेच यंदापासून इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक सभेच्या तारखेखाली त्या दिवशीची हवा एका ओळीत लिहावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. ती मान्य झाल्यास पहिली ओळ लिहिण्याचा मान कोणा वयोवृद्ध भगिनीस द्यावा.