दीड किलोमीटरची तार आणि कुंभारी

ईसीजीचा इतिहास बहुधा यंत्र लहान होत गेल्याचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो अंतराचा इतिहास आहे: ठोक्यांची नोंद एकीकडे, ती वाचणारा दुसरीकडे. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातली वीज अंगावरून टिपली. पुढे लायडनच्या विलेम आइन्थोवेन यांनी त्यासाठी गॅल्व्हानोमीटर बांधला. सुमारे २७० किलोचं ते धूड चालवायला पाच माणसं लागत आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. ते रुग्णालयात हलवणं शक्य नव्हतं, म्हणून १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर अंतरावरच्या रोग्यांचे ठोके प्रयोगशाळेत आणले. १९२४ चं नोबेल त्यांना ईसीजीमागची यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळालं; मला ती तार जास्त मोलाची वाटते.

दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीत हे अंतर नीट कळतं. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथे २००६ साली उभी राहिली, दहा हजार घरांची. गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. मग अंतर उरलं कुठे? ते उरलं आहे छातीतली कळ आणि ईसीजीची पट्टी यांच्यामध्ये. मांडीवर सूप घेऊन दिवसभर तंबाखूच्या धुळीत विड्या वळणाऱ्या बाईला धाप लागली, मळमळलं, पाठ भरून आली, तर घरात ते पित्तावर जातं. बायकांच्या हृदयविकारात अशी लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त आढळतात.

कुणी म्हणेल, आता यंत्रच निदान छापून देतं, वाचणारा कशाला हवा? कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा; ही मोजदाद यंत्र चोख करतं. पण हात थरथरला की रेघ दातेरी होते, उजव्या-डाव्या हाताच्या तारा उलट लागल्या की पहिल्या लीडमधलं चित्र पालथं पडतं, आणि यंत्र त्याला आजार समजू शकतं. त्याहून घातक म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीला पट्टी साफ नॉर्मल येऊ शकते. पट्टीवरच्या रेघेतला एसटी नावाचा भाग वर चढलेला दिसला, तर गुठळी विरघळवण्याचा किंवा तातडीच्या अँजिओप्लास्टीचा निर्णय त्यावरच होतो. तो अजून चढलेला नसेल, तर कळ थांबेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने पट्टी पुन्हा काढावी लागते. पहिल्या नॉर्मल पट्टीवर बाईला घरी न पाठवता थांबवून ठेवायचं, हे यंत्रावर सोपवता येत नाही.