जुन्या स्वस्त बेस कॅबिनेटची पारख

जुने, स्वस्तातले बेस कॅबिनेट विकायला निघते तेव्हा त्याच्या वर्णनात तीन गोष्टी हमखास असतात: कंपनीचे नाव, स्पीकरची संख्या आणि वॉटचा आकडा. या तिन्हींवरून कॅबिनेटची लायकी फार थोडी कळते. असे का, ते समजायला थोडे मागे जावे लागते. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथल्या लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस ही विजेवरची बेस गिटार बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी तिच्या जोडीला पंधरा इंची स्पीकरचा बेसमन अँप्लिफायर काढावा लागला. बेसची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झवर बोलते, म्हणजे गिटारच्या जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. एक सप्तक खाली उतरून तेवढाच मोठा आवाज काढायचा तर स्पीकरच्या कोनाला चौपट पुढेमागे धावावे लागते. फेंडर यांनी लवकरच बेसमनमध्ये चार दहा इंची स्पीकर आणि उघडी पाठ असा बदल केला. तो गिटारवादकांनीच उचलला, इतका की इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांच्या पहिल्या अँप्लिफायरची मांडणी त्याच्यावरूनच झाली. बेससाठी केलेली वस्तू गिटारला लाभावी, यावरून त्या काळी खुद्द जाणकारही किती चाचपडत होते ते दिसते.

या चाचपडण्याला शास्त्राचा आधार मिळाला तो ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील यांनी 1961 साली एक निबंध लिहिला. स्पीकरची मोजता येण्याजोगी मोजकी वैशिष्ट्ये, खोक्यातल्या हवेचे घनफळ आणि खोक्याला पाडलेले भोक म्हणजे पोर्ट, यांचा हिशेब एकत्र कसा मांडायचा हे त्यात होते. पण हा निबंध अमेरिकेतल्या ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात 1971 साली पुन्हा छापला गेला तेव्हाच तो जगभर पोचला. पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांचे लेख आले. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची बहुतेक बेस कॅबिनेटे अंदाजाने आणि कानाच्या भरवशावर बांधलेली आहेत. त्यात उत्तम कामे झाली नाहीत असे मुळीच नाही. 1960 साली आलेले अँपेगचे पोर्टाफ्लेक्स बी-15 आजही ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत मानाने वापरतात. मात्र थील आणि स्मॉल यांचे लेख आल्यानंतरही स्वस्त कॅबिनेट बांधणाऱ्याला हा हिशेब माहीत असून परवडत नव्हता. केएलएच या स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की खोल खर्ज, लहान खोके आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. महागड्या कॅबिनेटमध्ये काय सोडायचे ते बांधणारा ठरवतो. स्वस्तात ते किंमत आणि गाडीची डिकी ठरवतात.

वॉटच्या आकड्याची गोष्ट तर आणखी गमतीची. अमेरिकेत 1974 साली सरकारी व्यापार आयोगाने घरगुती अँप्लिफायरच्या वॉटबद्दल फुगवून बोलायला आळा घालणारा नियम केला, पण तो घरगुती उपकरणांपुरताच. वाद्यांच्या अँप्लिफायरना तो लागू नव्हता. स्पीकरवरच्या वॉटचा अर्थ तर त्याहून निराळा. तो आकडा बहुधा कॉइल जळण्याआधी किती उष्णता सोसते एवढेच सांगतो. व्यावसायिक स्पीकरसाठी 1984 साली जी शिफारस ठरली तिच्यात दोन तास गोंगाटाचा संकेत सोडून चाचणी घ्यायची असते. बेसवादकाच्या स्पीकरचा कोन मात्र पुष्कळदा जळण्याच्या कितीतरी आधी आपल्या धावेच्या हद्दीला पोचतो आणि फटफटायला लागतो. चारशे वॉट लिहिलेला स्पीकर खालच्या सुरांत त्याच्या निम्म्या वॉटांतही दम तोडू शकतो. उलट, एका वॉटला किती आवाज निघतो हा आकडा लेबलवर क्वचितच सापडतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॉट, सहाचा म्हणजे चौपट. त्यामुळे शंभर वॉटवर दणदणीत वाजणारे जुने कॅबिनेट चारशे वॉटच्या नव्या पण आळशी कॅबिनेटच्या बरोबरीला येऊ शकते. पन्नास-साठच्या दशकांतले अँप्लिफायर अशक्त होते, म्हणून स्पीकर हलक्या कोनाचे आणि चपळ केले जात. ते ज्या अँप्लिफायरसाठी होते त्याच्याच जोडीने तोलायला हवेत. आजचा पाचशे वॉटचा अँप त्यांना लावून मग त्यांना कुचकामी ठरवणे हा अन्याय आहे.

खऱ्या अर्थाने स्वस्त आणि तरी विचारपूर्वक बांधलेल्या कॅबिनेटचा विषय काढला की मिसिसिपीतल्या मेरिडियनचे नाव घ्यावे लागते. हार्टली पीव्ही यांनी 1965 साली तिथे कंपनी काढली. तिच्या ब्लॅक विडो स्पीकरमध्ये चुंबक तसेच ठेवून कॉइल, कोन आणि चौकट एकत्र काढून नवी बसवता येत असे. दर शनिवारी गावोगाव वाजवणाऱ्या वादकाला पुन्हा उभा करणारी ही सोय होती, आणि अशी सोय ठेवणारा कारखाना काटकसर नेमकी कुठे करावी हे जाणत होता. ऐंशीच्या दशकात मात्र बाजाराचा नूर पालटला. अमेरिकेत एसडब्ल्यूआर आणि इंग्लंडमध्ये ट्रेस एलियट या कंपन्यांनी चार दहा इंची स्पीकरच्या कॅबिनेटला मान मिळवून दिला. स्वस्त कारखान्यांनी स्पीकरच्या संख्येची नक्कल केली, खोक्यातल्या हवेची नाही. तेवढ्याच लहान खोक्यात चार स्पीकर कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. मग शंभर हर्ट्झच्या आसपास उंचवटा उभा राहतो, खाली आवाज झपाट्याने गळतो. दुकानात हाच उंचवटा ‘दणका’ म्हणून विकला जातो. म्हणून माझ्या मते जुन्या कॅबिनेटजवळ गेल्यावर पहिली मोजपट्टी खोक्याच्या आत चालवावी. स्पीकर मोजणे हे दुसरे काम.

यावर पहिला आक्षेप असा की शेवटी कानच ठरवतो, हिशेब कशाला? आक्षेप अगदी खोटा नाही, पण कान कुठे आणि किती मोठ्या आवाजावर ऐकतो ते तपासावे लागते. मंद आवाजात माणसाला खर्ज कमी ऐकू येतो, त्यामुळे दुकानातल्या कोपऱ्यात उंचवट्याचे कॅबिनेटच गोड लागते. तेच ड्रमच्या शेजारी ठेवले की फक्त घुमते आणि सूर ओळखू येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खोल खर्ज हीच कसोटी का मानावी? मानू नये, हेच माझे म्हणणे. 1969 मध्ये आलेल्या अँपेगच्या तीनशे वॉटच्या एसव्हीटी अँप्लिफायरबरोबरचे आठ स्पीकरचे बंद कॅबिनेट रॉकमधले सर्वांत गाजलेले बेस कॅबिनेट आहे. त्याच्या आजच्या मॉडेलचे छापील आकडे पाहिले तर 58 हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरू लागतो आणि 40 हर्ट्झला दहा डेसिबल पडलेला असतो. त्यात 41 हर्ट्झचा मूळ सूर जवळपास निसटतो, पण 82 आणि 123 हर्ट्झचे उपस्वर भक्कम मिळतात आणि मेंदू निसटलेला सूर स्वतःच भरून काढतो. स्वस्त बंद कॅबिनेटचा खर्ज कमी म्हणून ते वाईट ठरत नाही. उतार हळूहळू आहे की उंचवट्यामागून दरीत कोसळणारा, ते पाहावे.

‘जुने ते मजबूत’ हा समज मात्र पुरता फसवा आहे. टिकलेली कॅबिनेटे आपल्यासमोर असतात, फुटलेली कचऱ्यात गेली. शिवाय टिकण्याने परीक्षा झाली ती लाकडाची आणि सरसाची, आवाजाची नाही. पार्टिकल बोर्डला वादक नाके मुरडतात. पण त्यातला दोष ओलीने फुगण्याचा, स्क्रू सैल होण्याचा आणि पाठ मोडणाऱ्या वजनाचा आहे. ध्वनीच्या दृष्टीने जड, गुमसुम फळी ही खोडी नाहीच. खरी खोडी हवेच्या गळतीची. हँडल, जॅकची पट्टी आणि जाळीमागच्या फटी जपून पाहाव्यात. बंद खोक्यात हात पसरून कोन हलकेच दाबला आणि तो रेंगाळत मागे आला, तर खोके हवाबंद आहे. खरखर लागली तर कॉइल घासतेय. घरगुती स्पीकरच्या फोमच्या कडा कुजतात तसे बेसच्या घडीदार कापडी किंवा कागदी कडांचे होत नाही. म्हणून वय हा दोष ठरत नाही.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. अमेरिकेत स्वस्त स्पीकरची कॉइल-कोन बदलायला नव्या स्पीकरएवढे पैसे जातात, म्हणून तो फेकला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मजुरी कमी, म्हणून हिशेब अनेकदा उलटा बसतो. पण नव्या स्पीकरची वैशिष्ट्ये जुन्या खोक्याच्या घनफळाशी जुळत नसतील, तर बदलीतून पैसे तेवढे जातात. आणि पाच तारांचा बेस वाजवणाऱ्याने एक गोष्ट आधीच सोडून द्यावी: त्याची खालची तार 31 हर्ट्झला बोलते, आणि तो सूर मनात धरून बांधलेली कॅबिनेटे ऐंशीच्या दशकाआधी फारशी नव्हतीच.