जात्याच्या फेऱ्यातली ओवी

मराठी कवितेचा इतिहास शिकवताना आपण मुकुंदराज-ज्ञानेश्वरांपासून सुरुवात करतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हा उखळ आणि जात्यापासून करायचे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवी हाती घेतली त्याच्या निदान दीडशे वर्षं आधीपासून ती बायकांच्या तोंडी रुळलेली होती.

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. पहिल्या ओळीत समोरचं काहीतरी येतं: तुळस, पाणवठा, वेशीवरची वाट. दुसऱ्या ओळीत मनातलं. अक्षरं मोजायची सक्ती नाही, कारण मोजमाप जात्याच्या फेऱ्यानं ठरतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी पहाटे दळायला बसायची. खुंटा स्वतःकडे ओढताना जोर लागे, तेव्हा तिचे शब्द आखूड आणि ठसठशीत येत. पाळी सैल फिरू लागली की ओळीचा शेवटचा स्वर लांबे. ‘बंधू’ हा शब्द कागदावर दोन अक्षरांचा, पण तिच्या गळ्यात त्यातला ‘ऊ’ अख्खा फेरा पुरायचा. माहेर किती लांब आहे, ते त्या स्वरातूनच कळायचं.

दाणे संपत आले की जातं कोरडं घरघरतं. मूठभर घास घातला की आवाज दबतो. आजी पहिली ओळ दोनदा घोळवायची, घास घालायची आणि मग त्या दबलेल्या आवाजावर दुसरी ओळ सोडायची. सासरचं दुःख हमखास तिथे यायचं. माजघरात निजलेल्यांना फक्त घरघर ऐकू जाई. समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या माझ्या आईला मात्र शब्द न् शब्द कळे. ‘गं बाई’, ‘माझ्या’, ‘सये’ हे शब्द छापताना भरीचे म्हणून गाळले जातात. पण फेरा पुरा करायचं काम तेच करतात, आणि हे गाणं कुणाला सांगितलं जातंय तेही त्यांच्यामुळेच समजतं.

ज्ञानेश्वरांच्या ओवीची घडण वेगळी. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा चरण आखूड आणि बिनयमकाचा. तीन यमकांनी कान सरावतो, चौथ्यापाशी ओळ अचानक टेकते आणि सिद्धान्त मनात बसतो. जातं मात्र संतकवितेतही आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत तर विठ्ठलच दळू लागायला येतो.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्यांना आणि मनगटांना सुटका मिळाली, ती मिळायलाच हवी होती. त्याबरोबर ओवीचा ताल मात्र गेला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, त्यामुळे शब्द वाचले. पुढे गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावागावांतल्या बायकांच्या मदतीनं एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, आणि नव्वदच्या दशकात त्यांतल्या हजारो ओव्या आवाजासकट ध्वनिमुद्रित केल्या. या ओव्यांत विठोबा, सीता, भाऊ आहेतच. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी तर बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यांत आहेत. आज हा संग्रह ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने सर्वांसाठी खुला केला आहे.

शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. ओवीचा धडा आला की फळ्यावर यमकाच्या जोड्या लिहिण्याआधी मुलांना ती ऐकवा. ध्वनिमुद्रण चालेल, गावात गाणारी आजी असेल तर तिलाच मानानं वर्गात बोलवा. स्वर कुठे लांबला, ओळ कुठे थांबली, एवढंच मुलांना विचारा. ओवीचा अर्थ ती मुलं स्वतः सांगतील.